हात सोडून बसता येईल अशी वाट

“सोडा तिला,” तात्या म्हणाले, आणि आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, चंद्रीच्या गळ्यातलं दावं काढलं.

चंद्री ही तात्यांची म्हैस. दिवस भरत आलेले, पोट दोन्ही अंगांनी पखालीसारखं सुटलेलं. आम्ही सगळा धनगरवाडा डोंगराच्या पायथ्याला ओढ्याकाठी उभा होतो. बायांच्या कमरेवर राखेच्या पाट्या, पुरुषांच्या हातात काठ्या. ऊन कललं होतं. कुणी बोलत नव्हतं, कारण म्हैस वाट धरेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा आमचा दंडक.

आमच्यात नवी वाट अशीच पाडायचे. गाभण म्हैस दिवसभर पायथ्याला बांधून ठेवायची आणि संध्याकाळी सोडायची. घराच्या ओढीनं ती डोंगर चढायला लागते, पण पोटातलं ओझं तिला उभा चढ चढू देत नाही. ती वळसे घेते, दम खाते, पाय ठरेल तिथूनच जाते. तिच्या मागून राख टाकत जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या राखेच्या रेघेवर कुदळ मारायची. बिरोबाची वाट म्हणायचे त्याला.

त्या उन्हाळ्यात रोजगार हमीतून आम्हाला वाट मंजूर झाली होती. तोवर होती ती उभी वाट. डोंगराच्या नाकावरून सरळ खाली, आणि मधल्या कड्याला लावलेली लाकडी शिडी. दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन आम्ही बाया त्या शिडीवरून उतरायचो. आजारी माणसाला कुणाच्या तरी पाठीला बांधून उतरवायचं. पावसाळ्यात तर त्या वाटेचाच ओढा व्हायचा. आता नवी होणार होती, पण एकच, आणि पाऊस लागायच्या आत. काम बघायला तालुक्याहून हसनमेस्त्री आले होते. पिकल्या दाढीचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. आमची ही रीत बघायला तेही ओढ्याकाठी उभे होते.

चंद्रीनं डोंगराकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग शेपूट उडवून वळली आणि खालच्या तांबेवाडीच्या दिशेनं चालायला लागली.

“अगं! अगं!” तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

“बोलू नका तात्या, दंडक हाय,” मागून बाबू झोरे पुटपुटला.

सोडलेल्या म्हशीला वळवायचंही नसतं. मग काय, आम्ही राख टाकत तिच्यामागे. ओढा ओलांडला, कुणाच्या तरी मिरचीच्या वाफ्यातून गेलो आणि थेट एका गोठ्याच्या दारात जाऊन थांबलो. आतून एक बाई शेणाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिनं म्हैस बघितली, म्हशीमागची राखेची रेघ बघितली, रेघेमागे उभे असलेले आम्ही सगळे बघितले.

“अगं बया! चंद्रे, बाळंतपणाला माहेरी आलीस व्हय?” ती म्हणाली. “आन् मुराळी एवढं?”

गेल्या दिवाळीला तात्यांनी चंद्री त्याच गोठ्यातून आणली होती. हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं. घराची ओढ, घराची ओढ म्हणत आम्ही तिला सोडली, पण कोणत्या घराची हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

हसनमेस्त्री हसून हसून खाली बसले. “तात्या, म्हणत असाल तर ह्या रेघेवर वाट पाडतो. सपाटीला हाय, सोपी जाईल. पर डोंगरावर ऱ्हाणाऱ्यांनी काय करायचं?”

तात्या हसले नाहीत. ते वाड्याचे कारभारी आणि बिरोबाचे पुजारी. चैत्रात दिवस भरत आलेली दुसरी म्हैस वाड्यावर नव्हती.

दिवेलागणीला देवळापुढे सगळे जमले.

“देवाच्या मनात नवी वाट न्हाई,” तात्या म्हणाले. “जुन्या वाटेलाच पायऱ्या मारू.”

“मारू की,” मेस्त्री म्हणाले. “दगड चांगला हाय. शिडी काढून तिथं बी पायऱ्या करतो. पर परवा सकाळी माणसं कामाला लागली पायजेत. न्हाईतर हे काम दुसऱ्या वाडीला जाईल.”

पुरुषांनी माना डोलावल्या. उठायची तयारी झाली. तेवढ्यात बायांच्या मागून आवाज आला.

“पायऱ्या म्हंजी मला भिंत.”

ती धुरपा होती, माझी नणंद. मालकांच्या पाठची. लहानपणी ताप आला आणि त्यात कमरेखालचं अंग गेलं. ती बसून, हातांवर अंग उचलत पुढे सरकायची. तळव्यांना टायरचे तुकडे बांधलेले असायचे, त्यांना ती हातांची पायताणं म्हणायची. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, ती अशी सरसर जायची की आमच्या कोंबड्या पळायच्या. ताक घुसळावं तर तिनंच, भांडावं तर तिनंच. पण सड्याची कड आली की तिचं जग संपायचं. कळत्या वयात ती डोंगर उतरलीच नव्हती.

“तुला गं कुठं जायाचंय?” तात्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, खरंच नवल वाटलं होतं त्यांना.

“तेच कळंना झालंय तात्या. गेल्याबिगर कळायचं कसं?”

“तुला लागंल ते आम्ही आणून देतोच की,” मालक म्हणाले. “कधी न्हाई म्हटलंय?”

“कधीच न्हाई, दादा. खोटं कशाला बोलू?” ती म्हणाली. “पर ह्या वाटेला पायऱ्या झाल्या की दुसरी वाट माझ्या जन्मात व्हायची न्हाई. म्हशीच्या जागी मला सोडा. मला चढाय येईल तिथनं वाट करा.”

हशा पिकला. बाबू झोरे ओरडला, “तू काय गाभण हाईस व्हय गं?”

“गाभण म्हशीला चार पाय असत्यात रं मुडद्या. मला दोन हात. मग तिच्याहून जड कोण?”

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी बाबूवर. तात्यांनी हात वर केला. “माणसाला म्हशीच्या जागी सोडायची रीत न्हाई, धुरपे.”

“म्हशीनं माहेरी पळायची तरी रीत होती का, तात्या?”

मेस्त्री दाढीत हसले. म्हणाले, “रेघ कुणी बी काढा. मला कुदळ कुठं मारायची तेवढं परवा सकाळी दावा.”

तात्यांनी देवळाकडे बघितलं. मग म्हणाले, “उद्याचा दिवस तुझा. मावळायच्या आत वर आलीस तर बघू. पर तुला खाली न्या म्हणून मी कुणाला सांगणार न्हाई.”

सकाळी मालकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. “लोकं हसत्यात, धुरपे,” एवढंच म्हणाले आणि म्हशी घेऊन सड्यावर निघून गेले. धुरपा उंबऱ्याशी बसून होती. पायताणं बांधलेली, पदर खोचलेला. मी तिच्यापुढे पाठ करून उकिडवी बसले.

“चढ.”

“वैनी, तुला झेपायची न्हाई मी.”

“रोज दोन किटल्या झेपत्यात. त्या तुझ्याएवढं बोलत न्हाईत, एवढाच फरक.”

मी जुन्या लुगड्यानं तिला पाठीशी बांधलं, आजाऱ्याला बांधतात तसं, आणि उभ्या वाटेनं उतरायला लागले. शिडीपाशी मी पायानं पहिली पायरी चाचपली.

“वैनी, पडशील गं.”

“पडले तर तुझ्यावर पडंन. मऊ हाईस.”

“आन् मी दगडावर पडले तर?”

“तर आज भाकरी तुझ्या दादानं थापायच्या.”

ती हसली, आणि पाठीवर माणूस हसलं की शिडीवर तोल किती जातो ते मला त्या दिवशी कळलं. कडा तिच्या तोंडाशी आला होता. इतकी वर्षं तिनं तो फक्त वरून, खाली वाकून बघितलेला. तिनं एक हात सोडून त्याच्या दगडाला लावला.

ओढ्याकाठी तिला सोडलं. आदल्या दिवशी तिथंच ठेवलेल्या राखेनं मी पाटी भरून घेतली. धुरपानं डोंगराकडे मान वर करून बघितलं, कितीतरी वेळ. मग ती निघाली.

सुरुवातीला मला वाटलं, ती नेट लावून होईल तेवढं वर जाईल आणि थकली की मी तिला उचलीन. पण ती वर जातच नव्हती. दोन-चार हात सरकायची आणि थांबायची. थांबली की दोन्ही हात जमिनीवरून उचलून मांडीवर ठेवायची आणि नुसती बसायची. अंग मागं घसरलं की मान हलवायची, पुन्हा खाली यायची, आडवी जायची आणि दुसरीकडून वर सरकायची. तिथं पुन्हा हात सोडून बसायची.

“हे काय चाललंय तुझं?” मी विचारलं.

“बघतेय.”

“काय?”

“हात सोडून बसता येतंय का ते. जिथं बसता येतंय तिथंच राख टाक. दुसरीकडं नको.”

मग मी तशी राख टाकायला लागले. ती हात सोडून बसली आणि घसरली नाही की मूठभर राख. ऊन चढत गेलं. पहिल्या टेकाडावर तिनं असा लांबचा वळसा घेतला की आम्ही पुन्हा ओढ्याच्याच डोक्यावर आलो. खालून तांबेवाडीची माणसं बघत होती. एक जण ओरडला, “ओ बाई, चुकलीसा! वाडा तिकडं ऱ्हायला!” धुरपानं वळूनही बघितलं नाही.

वरूनही माणसं यायला लागली होती. आधी बाबू आला, दोस्तांना घेऊन, मजा बघायला. कारवीच्या झुडपांत बसून टोमणे मारत होता. “मेस्त्रीसाहेब, ह्या रेघेवर वाट केलीसा तर खाली पोचंस्तोवर दूध इरजायचं!” हसनमेस्त्रीही आले होते. पण ते बोलत नव्हते. माझ्या प्रत्येक राखेच्या ठिपक्यापाशी थांबायचे, पुढच्या ठिपक्याकडे बघायचे, मग मागच्याकडे. थोड्या वेळानं त्यांनी पायताण काढून काखेत मारलं आणि अनवाणी चालायला लागले. तळव्याला चढ कळतो म्हणाले.

दुपारी कधीतरी बाबूची चेष्टा थांबली. कधी ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मागं बघितलं तर अर्धा वाडा आमच्यामागून येत होता, एका ओळीत, राखेच्या रेघेवर पाय न देता, तिच्या बाजूबाजूनं. आणि कुणी बोलत नव्हतं. धुरपाच्या श्वासाचा आवाज आणि टायर दगडावर घासल्याचा आवाज, एवढंच काय ते. ती हात सोडून बसली की सगळे थांबायचे. ती घसरली की कुणाचा तरी श्वास अडकायचा. ती ठरली की सगळ्यांचे खांदे सैल व्हायचे. म्हशीमागून आम्ही गप्प चालायचो ते दंडक म्हणून. हे वेगळं होतं. मी देवळात पुष्कळदा उभी राहिले आहे, पण एवढ्या माणसांची अशी शांतता तिथंही कधी ऐकली नाही.

कडा आला तेव्हा ती त्याच्या वाटेला गेलीच नाही. त्याच्या खालून आडवी निघाली, उत्तरेकडे, जिथं आम्ही कुणी जात नसू. आणि तिकडून चढ सोपा होत गेला तो थेट बिरोबाच्या राईपर्यंत.

ती राई म्हणजे देवाचं रान. तिथं लोखंड न्यायचं नाही, पायताण घालायचं नाही, वाळलेली काडीसुद्धा उचलायची नाही. राईच्या कडेच्या दगडापाशी तात्या उभे होते. केव्हा उतरून आले होते कुणास ठाऊक.

“हितनं न्हाई,” ते म्हणाले.

धुरपानं डावीकडे बघितलं, तिकडं कडा. उजवीकडे घळ. ती हात सोडून बसली. घाम डोळ्यांत जात होता.

“तात्या, म्हैस हितनं गेली असती तर अडवली असती?”

“म्हशीच्या पायात वहाण नसती.”

धुरपानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग दातांनी गाठ सोडून एक पायताण काढलं, दुसरं काढलं आणि माझ्याकडे दिली. उघडे तळवे जमिनीला टेकले. खाली करवंदीचे वाळके काटे, दगडाची कच. ती राईत शिरली.

मी तात्यांकडे बघितलं. ते आता ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी वाकून आपल्या वहाणा काढल्या, दगडापाशी ठेवल्या, आणि भराभरा चालत तिच्या पुढे गेले. तिथं उकिडवे बसले आणि हातांनी काटे गोळा करायला लागले. वाळकी काडी उचलायची नाही अशी रीत ज्यांनी आम्हाला शिकवली, तेच.

“कुठं जायाचं ते तू ठरीव,” ते म्हणाले. “मी निस्तं काटं उचलतो.”

ती डावीकडे वळली की ते डावीकडे. ती घसरून खाली आली की तेही खाली. मग त्यांच्या बाजूला मेस्त्री बसले, “चालंल का?” म्हणून विचारून. तात्या म्हणाले, “लोखंड न्हाई न्हवं अंगावर?” मेस्त्रींनी कमरेची किल्ली काढून बाहेर फेकली. बाबू आला. मग बाया आल्या. धुरपाच्या पुढे माणसं गुडघ्यांवर, आणि धुरपा त्यांच्या मागून, दमादमानं. तिनं टेकलेल्या ठिकाणी राखेवर तांबडे डाग पडत होते. मी ते बघितले आणि त्यावर आणखी राख टाकली.

राईच्या बाहेर पडलो तेव्हा सूर्य बुडत होता, आणि वरचा चढ अजून बाकी होता.

तेवढ्यात मालक धावत आले. म्हशी तशाच सोडून आले असावेत. तिचे हात बघितले आणि त्यांचा चेहराच उतरला. “बस झालं. चल, मी वर नेतो,” म्हणून त्यांनी तिच्या काखेत हात घातले.

“दादा, सोड. उचललंस तर वाट तुटली.”

“मावळलं बघ. आता काय उपेग?”

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी बुडत्या सूर्याकडे बघितलं, मग टेकून बसायला एक दगड शोधला.

“रात पडली की म्हैस बी बसतीच की रवंथ करायला,” ते म्हणाले. “बायांनो, भाकरी हितंच आणा.”

सकाळी धुरपानं राहिलेला चढ चढला. तीन वेळा वळली. शेवटच्या वळणावर सड्याची कड तिच्या हाताला लागली, तिनं अंग वर ओढलं, आणि सवयीप्रमाणे हात सोडून बसली. तोंड दरीकडे. कुणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही. आम्ही खाली बघत होतो. राखेची रेघ उन्हात पांढरी दिसत होती, ओढ्यापासून सड्यापर्यंत, डोंगराच्या अंगावर लोळत लोळत आल्यासारखी. तो डोंगर मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज चढत होते. त्याच्यात एवढं सौम्य काही आहे हे मला माहीत नव्हतं.

म्हैस वर आली की तिच्या कपाळी भंडारा लावतात. तात्या ताटली घेऊन आले आणि तिच्यापुढे घुटमळले.

“लावा की,” धुरपा म्हणाली. “शिंगं न्हाईत मला, पर बोलणं टोचतंय म्हणत्यात सगळी.”

तेव्हा मात्र सगळे हसले. तात्याही.

मग काम सुरू झालं. हसनमेस्त्रींनी एकाही ठिपक्याची जागा हलवू दिली नाही. पुरुष कुरकुरले, वाट लांब झाली म्हणून. “एवढ्यात माझी सासुरवाडी येऊन गेली असती,” बाबू रोज म्हणायचा आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन खोदायचा. राईतला तुकडा आम्ही लोखंड न लावता केला. खैराच्या टोकदार मेखा, रेड्यांची शिंगं आणि हात. तिथं कुदळ न लागल्यामुळं एकही झाड तुटलं नाही. आजही तिथं दुपारी उन्हाचा कवडसा शोधावा लागतो.

पहिल्याच पावसाळ्यात जुनी वाट गेली. शिडी तर कुठल्या कुठं वाहून गेली, तिच्या मागोमाग अर्धं नाक खाली आलं. नव्या वाटेवर मात्र पाणी दम खात उतरलं. चार ठिकाणी दगड हलले, ते आम्ही परत बसवले. पाऊस उघडल्यावर मेस्त्री मुद्दाम वर आले. संबंध वाट चालले. प्रत्येक वळणावर वाकून बघितलं. वर येऊन धुरपाकडे पाणी मागितलं, प्यायले, आणि “आक्का” एवढंच म्हणून बसून राहिले.

पुढे त्या वाटेनं काय काय गेलं! दुधाच्या किटल्या आधी सायकलीवर गेल्या. दिवस भरलेल्या बाया कुणाच्या पाठीवर न बसता, स्वतःच्या पायानं, बसत उठत दवाखान्यात गेल्या. म्हाताऱ्यांना बाजार दिसला. राई वाचवून, घळ भरून काढून बाजूनं वाट रुंद केली तेव्हा बैलगाडी आली, आणि बऱ्याच वर्षांनी जीप. एका अतिवृष्टीत खालचा मोठा घाटरस्ता खचला, तर तांबेवाडीची माणसं आमच्या वाटेनं वर येऊन सड्यावरून पलीकडे उतरली. पायथ्याला आता पंचायतीनं पाटी लावली आहे. नातवंडं शाळेत जायला लागली तेव्हा मीही त्यांच्याबरोबर अक्षरं गिरवली, त्यामुळं ती मी स्वतः वाचली. ‘जोडरस्ता’ एवढंच लिहिलं आहे. बरोबर आहे, पाटीवर किती मावणार.

पण मला त्यातलं काही सांगायचं नव्हतं. सांगायचा आहे तो त्या पहिल्या पावसाळ्यानंतरचा एक दिवस.

आश्विन लागला होता. मी धार काढून घरात आले तर धुरपा नव्हती. परसात नव्हती, देवळाच्या कट्ट्यावरही नव्हती. मालक न्याहारीला बसले होते.

“धुरपा कुठाय?” मी विचारलं.

“मला वाटलं तू नेलंस तिला कुठं.”

ते ताटावरून उठले. सड्याच्या कडेला पळाले, मी त्यांच्यामागे. पहिल्या वळणावर एक म्हातारी रेडकं राखत बसली होती.

“आत्ये, धुरपा बघितली का?” मालकांनी वरूनच हाक मारली.

“गेली की मघाशी.”

“कुठं?”

“खाली.”

“काय म्हणाली?”

“ऊन लागतंय म्हातारे, सावलीला बस, म्हणाली. मोठी शहाणी.”

मालक निघालेच होते उतरायला. मी त्यांचा हात धरला.

“कुठं चाललासा?”

“बघून येतो. कुठवर गेली ते.”

“कशाला?”

त्यांनी उचललेला पाय मागं घेतला. आम्ही दोघं तिथंच कडेला उभे राहिलो. खाली सगळी वाट दिसत होती, वळणावळणानं. एक सायकल ढकलत कुणी वर येत होतं. एक बाई डोक्यावरचा भारा उतरवून मधल्या वळणावर बसली होती. पायथ्याला ओढा चमकत होता, आणि तिथून पुढे वाटा फुटत होत्या, एक तांबेवाडीला, एक बाजाराला, एक एसटी थांबते तिकडं. धुरपा त्यांतल्या कुठल्याच वाटेवर दिसत नव्हती.

मालक मटकन खाली बसले. घाबरले होते, पण तेवढंच नव्हतं. डोळे दरीवरून हलत नव्हते. रानात पहिल्यांदा वाघ बघितल्यावर माणूस जसा बसतो तसे बसले होते.

तीस वर्षं धुरपाला आम्ही जिथं ठेवावं तिथं ती सापडायची. चुलीपुढे ठेवली तर चुलीपुढे. उंबऱ्याशी ठेवली तर उंबऱ्याशी. कधी कुणाला शोधावी लागली नाही.

“कुठं गेली असंल गं?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा एकदा खाली बघितलं, तिन्ही वाटांवर.

“कुणास ठाऊक,” मी म्हणाले.

धुरपाबद्दल असं उत्तर आमच्या घरात तोवर कुणी दिलं नव्हतं.